परक्या देशातल्या भीतीची पैसेवारी कशावरून ठरते?

प्रति,
विदर्भातील दहाही लोकसभा मतदारसंघांचे मा. खासदार,
बुलढाण्यापासून गडचिरोली-चिमूरपर्यंत

विषय : आश्रय मागणाऱ्या परदेशी माणसाच्या अर्जावर निर्णय देताना त्याच्या मूळ देशाची खात्रीची माहिती वापरली जावी, यासाठी संसदेत पाठपुरावा करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहणारा निवृत्त तलाठी आहे. चौतीस वर्षं सातबारे लिहिले, पीकपेरे नोंदवले, पुराचे, आगीचे, तुडतुड्याने खाल्लेल्या धानाचे पंचनामे केले. आपल्याकडे इकडून पत्रं येतात ती धानाच्या बोनसची, कापसाच्या भावाची, वाघाच्या हल्ल्यांची. तीही माझ्या गावची दुखणी आहेत. तरीही आज मी वेगळ्याच विषयावर लिहितो आहे, आणि तो विदर्भाच्या खासदारांचा विषय कसा, हे सांगायला मला थोडी जागा लागेल.

आमच्या तालुक्यात गोठणगावच्या परिसरात नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. १९७२ साली वसली. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा झाला तो १९९९ मध्ये. बर्फाच्या डोंगरातली माणसं आमच्या वैशाखाच्या उन्हात शेती शिकली. थंडी पडायला लागली की स्वेटरचे गठ्ठे घेऊन शहरोशहरी जातात, हंगाम संपला की परततात. त्यांची नातवंडं माझ्याशी आमच्याच बोलीत बोलतात. १९५९ च्या मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला, त्याच महिन्याच्या ३१ तारखेला दलाई लामा भारतात पोचले आणि त्यांच्यामागून हजारो लोक डोंगर ओलांडून आले. त्यांच्यातल्या एकेकाला समोर बसवून ‘तुझ्यावर नेमकं काय बेतलं होतं, पुरावा आण’ असं म्हणत बसायची गरज पडली नाही. तिकडे काय चाललंय हे दिल्लीला माहीत होतं, आणि ते माहीत असणं हाच निर्णयाचा पाया होता. गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातली बंगाली कुटुंबं वसवली गेली, तेव्हाही ती का आली हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पण जो माणूस एकटा येतो त्याचं काय? कोणी काबूलहून येतो, कोणी यांगूनहून, कोणी मोगादिशूहून. अंगावरच्या कपड्यांनिशी पळालेला. ज्यांच्या भीतीने पळाला त्यांच्याकडून ‘होय, आम्ही याला मारणार होतो’ असा दाखला तो कुठून आणणार? त्याच्याजवळ असतो फक्त शब्द. तो शब्द खरा मानायचा की खोटा, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने तो देश कधी पाहिलेला नसतो. म्हणून जगभरात आश्रयाच्या निर्णयाआधी एक काम केलं जातं : त्या माणसाच्या देशातली, प्रांतातली, जमातीतली परिस्थिती शोधून, तपासून, तारखेनिशी मांडायची. याला मूळ देशाविषयीची माहिती म्हणतात. माझी मुलगी वकील आहे, दिल्लीत अशा अर्जदारांची कामं बघते. गेल्या दिवाळीला ती घरी आली तेव्हा तिच्या बॅगेतली कागदपत्रं मी चार रात्री वाचली. वाचता वाचता मला राहून राहून माझंच दप्तर आठवत होतं.

एक प्रसंग सांगतो. नोकरीतल्या उमेदीच्या वर्षांतला, आषाढातला. रात्री ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि माझ्या साझ्यातल्या एका गावाच्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, वाहून गेल्या. पऱ्हे (धानाची रोपं) गेले, धुरे (बांध) फुटले, एका ठिकाणी तर बांधीत नाल्याची रेती येऊन बसली. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, आणि तो मोजायचा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. तो होता दहा-बारा किलोमीटरवर. त्यात त्या रात्री पडला होता बावीस मिलिमीटर. वरच्या कार्यालयाने माझे पंचनामे परत केले : मंडळात अतिवृष्टी नाही. मी गावात जाऊन हे सांगितलं तेव्हा एक म्हातारा शेतकरी शांतपणे म्हणाला, “साहेब, मंडळात नसन पडला. माह्या बांधीत पडला.”

त्या वाक्याने मला झोप लागू दिली नाही. मी शोधत गेलो, तर गावापासून जवळच्या एका तलावावर पाटबंधाऱ्याचा वेगळा पर्जन्यमापक होता. त्यात त्याच रात्रीची नोंद एक्क्याण्णव मिलिमीटर. ती नोंद, पोलीस पाटलाचा जबाब, पूल खचल्याची वेळ आणि शेजारच्या गावच्या कोतवालाची साक्ष असं सगळं जोडून प्रस्ताव परत पाठवला, तेव्हा कुठे भरपाई निघाली. शेतकरी पहिल्या दिवसापासून खरंच बोलत होता. सरकारच्या हातातला बावीसचा आकडाही खरा होता. चूक होती ती एवढीच, की तो आकडा त्या बांधीचा नव्हता.

आश्रयाच्या अर्जात नेमकं हेच घडतं. ‘देशात परिस्थिती निवळली आहे’ हे वाक्य राजधानीपुरतं खरं असू शकतं आणि अर्जदाराच्या खोऱ्यापुरतं साफ खोटं. अफगाणिस्तानातल्या हजारा जमातीच्या माणसाबद्दल विचारायचं तर त्या जमातीची, त्याच्या जिल्ह्याची आणि तो निघाला त्या काळाची माहिती पाहिजे. निर्णयाच्या दिवसाचीसुद्धा पाहिजे. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबानने काबूल घेतलं. त्याच्या महिनाभर आधीचा उत्तमातला उत्तम अहवालही दुसऱ्या दिवशी रद्दी झाला. उलटही होतं. ८ डिसेंबर २०२४ ला सीरियात असद यांची सत्ता कोसळली आणि युरोपातल्या अनेक देशांनी सीरियन अर्जांवरचे निर्णय लगेच थांबवले, कारण हातातली माहिती एका रात्रीत जुनी झाली होती. युरोपीय संघाच्या कायद्यात तर लिहूनच ठेवलंय की मूळ देशाबद्दलच्या सगळ्या संबंधित बाबी निर्णय घेतेवेळी जशा असतील तशा विचारात घ्यायच्या. आपली नजर पैसेवारी (गावच्या पिकाचा पहिला सरकारी अंदाज) सप्टेंबरात, सुधारित त्यानंतर आणि अंतिम डिसेंबरात का निघते? उभं पीक महिन्याभरात बदलतं म्हणूनच ना.

पैसेवारीचा विषय निघालाच आहे तर एक कबुली देतो. खुर्चीत बसून पैसेवारी भरण्याचा प्रकार मी जवळून पाहिला आहे. एका गावाचा आकडा काढायचा आणि शेजारच्या दोन गावांना तोच लावायचा. पुढे वरिष्ठ तपासायला आले की तीन गावांचे आकडे ‘एकमेकांना दुजोरा देतात’. दुजोरा कसला, एकाच कागदाच्या तीन नकला त्या! मूळ देशाच्या माहितीवर काम करणारे संशोधक या सापळ्याला फार भितात. एका संस्थेने एक गोष्ट लिहिली, दुसरीने ती उचलली, तिसरीने दुसरीचा हवाला दिला, आणि वाचणाऱ्याला वाटलं तीन साक्षीदार आहेत. म्हणून त्यांचा दंडक असा की प्रत्येक विधान त्याच्या मुळापर्यंत नेऊन पाहायचं. ही गोष्ट कोणी पाहिली, कधी पाहिली, सांगणाऱ्याचा त्यात काय स्वार्थ, आणि वेगळ्या बाजूचा दुसरा कोणी तेच सांगतो का. संशोधक निर्णय सुचवत नाही. तो पंचनामा करतो. भरपाई द्यायची की नाही हे ठरवणारा वेगळा.

हा दंडक मोडला की काय होतं, हे इरिट्रियाच्या प्रकरणात दिसलं. आफ्रिकेतल्या या छोट्या देशात राष्ट्रीय सेवा कायद्याने अठरा महिन्यांची, पण प्रत्यक्षात तिला अंत नाही. तरुण त्यातून पळतात आणि परत गेले तर तुरुंगाची भीती असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये डेन्मार्कच्या स्थलांतर खात्याने अहवाल काढला, त्याचा सूर असा की परत जाणाऱ्याने माफीनामा लिहून दिला आणि परदेशातल्या कमाईवरचा दोन टक्के कर भरला तर त्याला विशेष त्रास होत नाही. त्या अहवालात बहुतेकांची नावं झाकलेली. नाव दिलेले एक अभ्यासक होते प्राध्यापक गैम किब्रेआब, आणि त्यांनी आपल्या बोलण्याचा विपर्यास झाल्याचं जाहीरपणे सांगून हात झटकले. तरीही मार्च २०१५ मध्ये ब्रिटनच्या गृहखात्याने आपल्या मार्गदर्शक टिपणाला त्या अहवालाचा आधार घेतला, आणि इरिट्रियन लोकांचे अर्ज धडाधड नाकारले जाऊ लागले. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायाधिकरणाने सगळी माहिती नव्याने तपासली आणि त्या अहवालावर फारसं विसंबता येत नाही असा निर्वाळा दिला. मधल्या दीड वर्षात किती तरुणांनी नकाराचा कागद हातात घेऊन रात्री काढल्या असतील. सगळं एका कच्च्या पंचनाम्यापायी.

माहितीचा आणखी एक उपयोग आहे, आणि गावात राहिलेल्या माणसाला तो चटकन कळेल. मुलाखतीत अर्जदार चुकतो, तेव्हा तो खोटं बोलतोय की आपल्या रीतीने खरं बोलतोय, हे ओळखायचं. अफगाणिस्तानात लोक सौर हिजरी सन वापरत आले. त्यांचं १४०० हे वर्ष २०२१ च्या मार्चमध्ये सुरू झालं. इथिओपियाचं पंचांग तेरा महिन्यांचं आणि इंग्रजी सनाच्या सात-आठ वर्षं मागे. दुभाष्याने तारखेचा हिशेब घाईत केला की अर्जात एक वर्ष आणि मुलाखतीत दुसरं वर्ष येतं, आणि अधिकारी लिहितो, ‘विसंगती’. अफगाण ओळखपत्रावर पुष्कळांची जन्मतारीख नसतेच. अमुक साली अमुक वर्षांचा दिसतो, एवढीच नोंद असते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाईला विचारा मुलगा कधी झाला. ती सांगेल, रोवणी आटोपली होती आणि पोळा यायचा होता. हे उत्तर खोटं आहे का? माझ्या हिशेबाने ते कित्येक जन्मदाखल्यांपेक्षा पक्कं आहे.

गावाच्या नावाचंही तसंच. आमच्या भागात नकाशावर ‘रिठी’ म्हणून मौजे आहेत, तिथे पिढ्यान्‌पिढ्या कोणी राहत नाही. आणि जिथे चाळीस घरं नांदतात तो टोला नकाशात सापडत नाही. उद्या आमच्या टोल्यातला माणूस परक्या देशात जाऊन आपल्या गावाचं नाव सांगेल आणि तिथला अधिकारी नकाशा उघडून ‘असं गाव नाही’ म्हणेल, तर?

नोंद नाही म्हणजे घडलं नाही, असं कधीच धरू नये. धान रोवणाऱ्या, निंदणाऱ्या, कापणाऱ्या किती बायांची नावं मी सातबाऱ्यावर लिहिली? फार थोड्या. नवऱ्याच्या, सासऱ्याच्या नावावर जमीन, म्हणून कागदाच्या दृष्टीने त्या शेतकरीच नव्हत्या. ज्या देशात बाईने तक्रार केली तर तिलाच मारतात, जिथे दोन पुरुषांच्या प्रेमाला फाशी आहे, तिथल्या छळाचे अहवाल पातळच असणार. छळ सोसणाराच बोलू शकत नाही. अशा ठिकाणी रिकामी फाइल सुरक्षिततेचा पुरावा समजली गेली तर सर्वांत जास्त घाबरलेला माणूस सर्वांत आधी परत पाठवला जाईल.

आता आपल्या देशाकडे येतो, कारण आपण त्याच्या संसदेत बसता. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही. आश्रयाचा स्वतंत्र कायदा नाही. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये खासगी विधेयक मांडलं, ते पुढे सरकलं नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकांविषयीच्या नव्या कायद्याने १९४६ चा जुना कायदा रद्द केला, पण आश्रयाची पद्धत त्यातही घातली नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं सरकार पाहतं. अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया अशा देशांतून आलेल्या पुष्कळांच्या अर्जांची छाननी दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्तालय करतं. गृह मंत्रालयाची कार्यपद्धती मात्र आहे. २९ डिसेंबर २०११ ला ती निघाली, २०१९ मध्ये सुधारली. तिच्यात परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याने अर्जदाराचा दावा, त्याच्या समाजाची माहिती आणि मायदेशातली परिस्थिती तपासावी, आणि ती परिस्थिती लागल्यास परराष्ट्र मंत्रालयाकडून जाणून घ्यावी, असं म्हटलं आहे. म्हणजे मूळ देशाची माहिती लागते हे तत्त्व आपल्या सरकारने मान्य केलेलंच आहे. मी नवं काही मागत नाही; मान्य केलेलं नीट करा, एवढंच म्हणतो.

नीट म्हणजे कसं? परराष्ट्र मंत्रालयाचं काम शेजाऱ्याशी संबंध राखण्याचं. त्याच मंत्रालयाला ‘तुमचा मित्रदेश आपल्या लोकांना छळतो का’ असं विचारणं म्हणजे सोयरिकीच्या घरी जाऊन सोयऱ्याचे दोष विचारणं. तिथे प्रामाणिक माणसालाही मोकळं बोलता येत नाही. म्हणून कॅनडात आश्रयाचे निर्णय देणाऱ्या मंडळाचा स्वतःचा संशोधन विभाग आहे आणि तो प्रत्येक देशाच्या कागदपत्रांचा संच जाहीर ठेवतो. नॉर्वेत लँडइन्फो नावाची संस्था आहे, तिच्या अहवालात काय लिहायचं हे निर्णय घेणारे ठरवू शकत नाहीत. ऑस्ट्रियात रेड क्रॉसचा विभाग हे काम करतो. आपल्याला दहा-पंधरा अभ्यासू माणसांचा स्वतंत्र कक्ष जड नाही. बर्मी, दारी, पश्तो, तमिळ, तिबेटी जाणणारी माणसं या देशात आहेत. युरोपाला जी माणसं शोधून आणावी लागतात, ती आपल्या विद्यापीठांत आणि आपल्या वसाहतींत बसलेली आहेत.

दुसरं, अर्जदाराला ती माहिती दाखवली पाहिजे. माझ्या पंचनाम्यावर शेतकऱ्याची सही असायची आणि त्याला हरकत घेता यायची. ज्या अहवालावरून त्याला नाकारणार तो वाचून दाखवा, त्याच्या भाषेत, आणि विचारा, यावर तुझं काय म्हणणं आहे.

आणि एक गोष्ट चुकूनही करू नये. माहिती त्याच्या गावाची काढा, त्याच्या सरकारकडे त्याचं नाव घेऊन चौकशी करू नका. पळालेल्या कर्जदाराचा पत्ता सावकाराच्याच ओट्यावर जाऊन विचारल्यासारखं होतं ते. मागे राहिलेल्या त्याच्या आईबापांना त्याची किंमत मोजावी लागते.

८ एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात आदेश देताना, दुसऱ्या देशात घडणाऱ्या गोष्टींवर आपण भाष्य करू शकत नाही, असं म्हटलं. न्यायालयाचा मी आदर करतो. पण महिन्याभरातच, ३ मे २०२१ ला, मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारहून जीव घेऊन आलेल्या सात जणांना दिल्लीत निर्वासित उच्चायुक्तालयापर्यंत जायची वाट मोकळी केली. त्यांच्यात पत्रकार होते, आणि १ फेब्रुवारीच्या लष्करी उठावानंतर तिथे पत्रकारांचं काय होत होतं हे न्यायालयाने विचारात घेतलं. एका दालनात दुसऱ्या देशाकडे पाहता येत नाही आणि दुसऱ्या दालनात पाहिल्याशिवाय न्याय देता येत नाही, असं किती दिवस चालायचं? न्यायालयापुढे विश्वासाने ठेवता येईल अशी, देशाने स्वतः तपासलेली माहिती असती, तर ही अडचण बरीच कमी झाली असती.

मला ठाऊक आहे, हा विषय काढला की ‘घुसखोर’ हा शब्द येतो. सुरक्षेची काळजी खरी आहे, तिला मी हसत नाही. पण खोटा दावा पकडायलाही हीच माहिती लागते. ज्या तलाठ्याला शिवार पाठ आहे, त्याच्यापुढे खोटा पीकपेरा टिकत नाही. ज्या अधिकाऱ्याला त्या देशाचं शिवार ठाऊक नाही, तो एक तर सगळ्यांवर विश्वास ठेवेल किंवा कोणावरच ठेवणार नाही. आजची रीत दुसऱ्या बाजूला झुकते आहे, असं मला माझ्या मुलीच्या बॅगेतल्या कागदांवरून दिसलं.

तिच्या एका अर्जदार बाईची गोष्ट मी इथे लिहिणार नाही. ती तिची आहे. एवढंच सांगतो की तिच्या अर्जावर नकाराची शिफारस करताना जी परिस्थिती ‘सध्याची’ म्हणून लिहिली होती, ती तीन वर्षांपूर्वीची होती. कागदावर तारीख नव्हती, स्रोत नव्हता, सही वाचता येत नव्हती. असा पंचनामा मी केला असता तर माझी वेतनवाढ रोखली असती, आणि ते योग्यच झालं असतं.

आपणा दहाही जणांना विनंती आहे की पुढच्या अधिवेशनात गृहमंत्र्यांना तारांकित प्रश्न विचारावा : आश्रयाच्या दाव्यांवर निर्णय देताना मूळ देशाची माहिती कोण गोळा करतं, ती किती दिवसांनी ताजी केली जाते, आणि अर्जदाराला ती दाखवली जाते का? पक्ष वेगळे असले तरी प्रश्न एकच असू द्या. भंडारा-गोंदियाच्या खासदारांनी त्याआधी एकदा नोरग्येलिंगला यावं, मी सोबत येईन. तिथल्या म्हाताऱ्यांना १९५९ च्या वाटेबद्दल विचारा. बर्फात कोण मागे राहिलं हे ते नावानिशी सांगतात. आणि उत्तर पटलावर आलं की त्याची एक प्रत मला टपालाने पाठवावी. मी ती मुलीकडे दिल्लीला पाठवीन, तिला ती कामाला येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त तलाठी
तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया